ओव्हनमध्ये भाजलेले भाज्यांचे कटलेट ट्रेला चिकटू नये म्हणून

ओव्हनमध्ये भाजलेल्या कटलेटची खालची बाजू ही त्याची सर्वांत चवदार बाजू असते आणि पुष्कळदा नेमकी तीच ट्रेवर राहून जाते. उलथणे घातले की वरचा मऊ भाग सुटून येतो, खरपूस पापुद्रा मात्र पत्र्याला धरून बसतो आणि ताटात वाढण्याजोगे काही उरत नाही. असे झाले की पुढच्या वेळी ट्रेवर अधिक तेल ओतण्याकडे सगळ्यांचा कल असतो. त्याने थोडाफार फरक पडतोही. परंतु दोष बहुतेक वेळा ट्रेत नसतो, मिश्रणात उरलेल्या पाण्यात असतो, आणि ते पाणी ओव्हनचे बटण फिरवण्यापूर्वीच काढावे लागते. या लेखात तेलाचा आणि कागदाचा विचार आहेच, पण सर्वाधिक जागा मी पाण्याला दिली आहे.

गोव्यात हा प्रश्न विशेषकरून पावसाळ्यात भेडसावतो. एकीकडे श्रावण असतो, घराघरांतून शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण चाललेले असते आणि मासळीच्या जागी काहीतरी खमंग, कुरकुरीत हवे असते. त्यामागोमाग चतुर्थी येते आणि घर पाहुण्यांनी भरते. पंधरा-वीस माणसांसाठी तव्यावर चार-चार कटलेट्स तळत उभे राहण्यापेक्षा एकाच वेळी ट्रेभर भाजणे निश्चितच सोयीचे असते आणि तेलही कमी लागते. दुसरीकडे हाच काळ हवेतल्या दमटपणाचा असतो. डब्यातला रवा ओलसर होतो, पावाचा चुरा मऊ पडतो आणि बेळगावहून येणारा कोबी, गाजर, बीट, फरसबी बाजारात पोहोचेपर्यंत भिजलेली असते. मे महिन्यात व्यवस्थित सुटून येणारी तीच कृती ऑगस्टमध्ये चिकटते, ती यामुळे.

चिकटते म्हणजे नेमके काय होते

ओले मिश्रण गरम धातूवर टेकले की त्यातले स्टार्च पाणी शोषून फुगते आणि चिकट होते. बटाट्याच्या बाबतीत ही क्रिया ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यानच घडून येते. हे चिकट स्टार्च आणि डाळीच्या पिठातली प्रथिने पत्र्यावरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचाखोचांत शिरतात आणि तिथेच पक्की होतात. जोपर्यंत त्या थरात पाणी आहे, तोपर्यंत त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही, मग ओव्हन २०० अंशांवर असला तरीही. पाणी वाफ होऊन निघून गेल्यावरच तापमान चढते, १४० अंशांच्या पुढे रंग तपकिरी होऊ लागतो, खालचा थर कोरडा आणि टणक होतो, किंचित आकसतो आणि पत्र्यापासून आपोआप सुटू लागतो. एकच कटलेट दहाव्या मिनिटाला ओढल्यास फाटते आणि सोळाव्या मिनिटाला अलगद उचलले जाते, त्यामागचे कारण हेच आहे.

म्हणजे करायचे ते इतकेच की मिश्रणात पाणी कमी ठेवायचे, पृष्ठभाग कोरडा ठेवायचा, धातू आणि मिश्रण यांच्यामध्ये काहीतरी आडोसा द्यायचा आणि खालचा थर तयार होईपर्यंत हात लावायचा नाही. यांतली कोणती गोष्ट सर्वांत महत्त्वाची असे कोणी विचारल्यास मी विनासंकोच पहिली सांगेन.

भाज्यांतले पाणी

कच्च्या दुधीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी असते, कोबीत सुमारे ९२ टक्के, गाजर आणि बीट यांत ८७-८८ टक्के, बटाट्यात ८० टक्क्यांच्या थोडे खाली, तर नीरफणसात साधारण ७० टक्के. हे आकडे पाहिल्यावर नीरफणसाचे किंवा सुरणाचे कटलेट सहज का सुटते आणि दुधीचे का चिकटते हे वेगळे सांगावे लागत नाही. ज्यांना पहिल्यांदाच ओव्हनमध्ये कटलेट करून पाहायचे आहे, त्यांनी नीरफणस, सुरण किंवा कणगी (एक कंद) यांपासून सुरुवात करावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. या तिन्ही भाज्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हंगामात ताज्या मिळतात, त्यांचा गर घट्ट असतो आणि बटाट्याच्या जागी त्या निम्म्या किंवा पूर्ण प्रमाणात वापरता येतात. सुरण उकडताना पाण्यात चिंच किंवा चार सोलां (आमसुले) घालावीत, म्हणजे घशाला खाज येत नाही. मात्र उकडल्यावर ते आंबट पाणी पूर्णपणे निथळून टाकावे.

पाणीदार भाज्या वापरायच्याच असतील तर त्यांना दोन मार्ग आहेत. दुधी, कोबी, काकडी, मुळा यांसारख्या भाज्या किसून किंवा बारीक चिरून घ्याव्यात, पाव किलोला अर्धा चमचा मीठ चोळून पंधरा मिनिटे ठेवाव्यात आणि नंतर स्वच्छ पातळ पंचात बांधून जोराने पिळाव्यात. पाव किलो दुधीतून निघणारे पाणी पाहिले म्हणजे ते मिश्रणात राहिले असते तर काय झाले असते याची कल्पना येते. हे पाणी फेकू नये, आमटीत घालावे. मिठाचा काही भाग भाजीत राहतोच, म्हणून नंतर मिश्रणात मीठ घालताना हात आखडता ठेवावा.

गाजर, बीट, फरसबी, मटार, कांदा, ढोबळी मिरची यांना दुसरा मार्ग बरा. पसरट कढईत थोड्याशा तेलावर, झाकण न ठेवता, मोठ्या आचेवर त्या परताव्यात. सुरुवातीला कढईतून ओलसर, बुडबुड्यांचा आवाज येतो आणि वाफ दिसते. पाणी संपत आले की आवाज कोरडा आणि तडतडणारा होतो. या आवाजापर्यंत थांबावे. त्यानंतर भाजी ढीग करून ठेवू नये, कारण ढिगाच्या आत कोंडलेली वाफ पुन्हा पाणी होऊन भाजीतच मुरते. मोठ्या परातीत पातळ थर पसरावा आणि पूर्ण गार होऊ द्यावा.

तांबडी भाजी (लाल माठ) घालायची असेल तर ती आदल्या रात्री धुऊन, कापडावर पसरून ठेवावी. ओल्या पानांची भाजी कितीही परतली तरी तिचा रस बटाट्यात उतरतो आणि कटलेट चिकट होते. अळसांदे किंवा चवळी उकडून वापरताना शिजवल्याचे पाणी एक थेंबही मिश्रणात येऊ देऊ नये, कारण त्या पाण्यात विरघळलेले स्टार्च असते आणि ते वाळले की खळीसारखे घट्ट धरते. कडधान्य चाळणीत निथळून दहा मिनिटे गरम ओव्हनमध्ये कोरडे करावे आणि मग हाताने भरड कुस्करावे.

मसाल्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. आपल्याकडे वाटण पाणी घालून वाटण्याची सवय असते आणि तीच सवय कटलेटच्या मिश्रणात नडते. आले, लसूण, हिरवी मिरची कोरडी ठेचावी. लाल मिरची हवी असेल तर वाटण न करता पूड घालावी. टोमॅटो नको. आंबटपणासाठी चिंचेचा कोळ घालण्याऐवजी वाढताना वरून लिंबू पिळावे. ओले खोबरे चवीला उत्तम असले तरी मिश्रण ओलसर करते, म्हणून ते घालायचेच झाल्यास मंद आचेवर सुके होईपर्यंत परतून घ्यावे.

बटाटा

बटाटे सालासकट, अख्खे उकडावेत. कापून उकडले की प्रत्येक फोड पाणी पिते. कुकरमध्ये उकडताना बटाटे वेगळ्या भांड्यात ठेवावेत आणि त्या भांड्यात पाणी घालू नये. खालच्या पाण्याच्या वाफेवर ते छान शिजतात. जुना बटाटा कोरडा आणि पिठूळ असतो, नवा पातळ सालीचा बटाटा ओलसर आणि चिकट असतो, म्हणून जुनाच निवडावा. सोलल्यावर बटाटे गरम असतानाच दोन-दोन तुकडे करून वाफ जाऊ द्यावी आणि त्यानंतर निदान चार तास, शक्य असल्यास रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावेत. गार होताना त्यांतले फुगलेले स्टार्च पुन्हा घट्ट होते आणि त्याचा चिकटपणा पुष्कळ कमी होतो. ज्यांच्याकडे वेळ कमी आहे तेही बाकीच्या पायऱ्यांना कात्री लावून ही एक पायरी जरूर सांभाळोत.

गार बटाटा किसणीवर किसावा. मिक्सरमध्ये तो कधीही फिरवू नये, कारण पात्यांनी पेशी फुटून मोकळे झालेले स्टार्च काही क्षणांत लापशी करून टाकते आणि मग त्यात कितीही चुरा घातला तरी ते सुधारत नाही. मिश्रण मळतानाही कणकेसारखे मळू नये. बोटांच्या टोकांनी हलकेच एकत्र करावे.

प्रमाणाचा अंदाज असावा म्हणून सांगतो. अर्धा किलो उकडलेल्या बटाट्याला पिळून अथवा परतून घेतलेल्या पाव किलो भाज्या आणि ५० ते ६० ग्रॅम पावाचा कोरडा चुरा पुरतो. यातून ७० ग्रॅमची साधारण बारा कटलेट्स होतात. चुऱ्यासाठी पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) दोन दिवसांपूर्वीचे पाव किंवा उंडे (गोल पाव) १२० अंशांवर पंधरा-वीस मिनिटे वाळवून मिक्सरमध्ये फिरवावेत. घरात कांकणां (बांगडीच्या आकाराचे कडक पाव) शिल्लक असतील तर त्यांच्यासारखा चुरा दुसरा नाही. ती मुळातच खडखडीत भाजलेली असतात, त्यामुळे ओल झपाट्याने शोषतात. चुऱ्याऐवजी कोरडे भाजलेले जाडे पोहे दळून घेतले तरी चालते. बेसन घालायचे असेल तर ते आधी कोरडे भाजून घ्यावे. कच्चे बेसन ओलाव्याबरोबर चिकट होते. अंडे खाणाऱ्या घरांत एक अंडे घातल्याने मिश्रण चांगले बांधले जाते, परंतु त्याबरोबर चुरा दोन-तीन मोठे चमचे वाढवावा लागतो.

मिश्रण तयार झाले की त्याची परीक्षा करावी. लिंबाएवढा गोळा कोरड्या स्टीलच्या ताटलीत चपटा करून दहा मिनिटे तसाच ठेवावा आणि उचलून खाली पाहावे. ताटलीवर ओला डाग उमटला असेल तर अजून चुरा हवा. गोळ्याच्या कडांना खोल चिरा पडत असतील तर चुरा जास्त झाला आहे आणि थोडे किसलेले बटाटे मिसळावेत. ट्रेभर कटलेट्स करून निराश होण्यापेक्षा ही दहा मिनिटे सार्थकी लागतात.

वरचे आवरण

मासळी भाजणाऱ्या गोंयकाराला आवरणाबद्दल नवे काही शिकवण्याची गरज नाही. इस्वणाच्या (सुरमईच्या) तुकडीला किंवा नीरफणसाच्या फोडींना रवा लावतात तो कुरकुरीतपणासाठी तर असतोच, पण त्यामुळे ओला पृष्ठभाग आणि तवा यांचा थेट संबंध येत नाही आणि तुकडी मोडत नाही. ओव्हनमध्येही तेच तत्त्व लागू पडते. तीन भाग बारीक रवा आणि एक भाग तांदळाचे पीठ एकत्र करावे. पावसाळ्यात रवा आधी चार-पाच मिनिटे कोरडा भाजून, गार करून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेला असावा; ओलसर रवा आवरण न होता लगदा होतो.

कटलेट्स ७ सेंटिमीटर व्यासाची आणि दीड सेंटिमीटर जाडीची थापावीत. पातळ केल्यास उलटताना मोडतात, फार जाड केल्यास आतले पाणी बाहेर पडेपर्यंत वरची बाजू करपते. कडा बोटाने दाबून गुळगुळीत कराव्यात, कारण चिकटायला सुरुवात बहुधा कडेच्या चिरांतून होते. रव्यात दोन्ही बाजूंनी आणि कडेनेही घोळवावे, जादा रवा हलके झटकून टाकावा आणि दहा मिनिटे तसेच ठेवावे, म्हणजे रवा नीट बसतो. झटकण्याचे काम टाळू नये. ट्रेवर सुटा पडलेला रवा तेल शोषून घेतो, करपतो आणि त्याच जागी कटलेट धरून ठेवतो.

थापलेली कटलेट्स आकार टिकावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवावीत असे सर्वत्र सांगितले जाते. सल्ला योग्य आहे, परंतु आपल्या हवेत त्याला एक जोड हवी. पावसाळ्यातल्या दमट हवेत फ्रिजमधून काढलेल्या कोणत्याही वस्तूवर लगेच दव साचते, मग ती पाण्याची बाटली असो की कटलेट. म्हणून रवा न लावता कटलेट्स झाकून फ्रिजमध्ये ठेवावीत, आणि बाहेर काढल्यावर ओट्यावर ठेवून न देता लगेच रव्यात घोळवून थेट गरम ट्रेवर मांडावीत. इथे वर सांगितलेली दहा मिनिटांची विश्रांती गाळावी. फ्रीझरमधून काढलेल्या कटलेट्सना आधीच रवा लावून गोठवलेले असावे आणि ती विरघळू न देता तशीच भाजावीत. तापमान १९० अंश ठेवावे आणि एकूण वेळ सहा-सात मिनिटांनी वाढवावा.

ट्रे, कागद आणि तेल

ओव्हनबरोबर मिळणारा पातळ ट्रे चालतो, पण तो सपाट असावा. तापल्यावर वाकणाऱ्या ट्रेवर तेल एका कोपऱ्यात जमते आणि बाकीची कटलेट्स कोरड्या पत्र्यावर भाजली जातात. जाड अ‍ॅल्युमिनिअमचा ट्रे उष्णता सर्वत्र सारखी पोहोचवतो. घरात चांगला मुरलेला बिडाचा तवा असेल आणि त्याची मूठही लोखंडाची असेल, तर तो थेट ओव्हनमध्ये ठेवावा. थोड्या कटलेट्ससाठी त्याहून चांगले साधन मला ठाऊक नाही. काचेचे भांडे हळू तापते, त्यामुळे खालचा थर बराच वेळ ओला राहतो आणि चिकटतो. नॉनस्टिक ट्रे वापरायला हरकत नाही, मात्र त्यावर धातूचे उलथणे चालवू नये आणि तो रिकामा अतितप्त होऊ देऊ नये; त्यावरचा लेप २६० अंशांच्या पुढे खराब होऊ लागतो.

कागदाच्या बाबतीत दुकानात फसगत होते. बटर पेपर या एकाच नावाखाली निरनिराळे कागद विकले जातात. भाजण्यासाठी जो कागद लागतो त्याच्यावर सिलिकॉनचा लेप असतो आणि पाकिटावर तो ओव्हनमध्ये किती तापमानापर्यंत चालतो हे छापलेले असते, बहुधा २२० अंशांच्या आसपास. केवळ पदार्थ गुंडाळण्यासाठी असलेला पातळ कागद ओल शोषतो आणि कटलेटच्या बुडाला असा चिकटतो की सोलून काढावा लागतो. मेणकागद तर ओव्हनमध्ये मुळीच ठेवू नये. त्यावरचे मेण वितळते आणि धूर होतो. शंका आल्यास कागदावर पाण्याचे चार थेंब टाकावेत. ते मण्यांसारखे गोल राहून घरंगळले तर कागद कामाचा आहे, पसरून मुरले तर नाही. नखाने ओरखडल्यावर पांढरी भुकटी निघाली तर तो मेणाचा आहे. अ‍ॅल्युमिनिअमची फॉइल अन्न झाकायला चांगली असली तरी कटलेटखाली ती ट्रेपेक्षाही अधिक चिकटते, आणि फॉइलचे तुकडे अन्नात येण्याचा धोका वेगळाच.

सिलिकॉनची चटई किंवा योग्य कागद वापरला की चिकटण्याची भीती जवळजवळ संपते, हे खरे आहे. तरीही मी उघडा, तेल लावलेला गरम ट्रे पसंत करतो, कारण कागदावर खालची बाजू थोडी मऊ राहते आणि कटलेटचे खरे सुख त्या बाजूतच असते. नवख्या माणसाने कागदापासून सुरुवात करावी, त्यावरही तेलाचा पातळ हात फिरवावा आणि हात बसल्यावर उघड्या ट्रेकडे वळावे.

तेल कोणते, यालाही महत्त्व आहे. घाण्यावरचे खोबरेल आपल्या स्वयंपाकाचा आत्मा आहे, पण ते साधारण १७५ ते १८० अंशांनाच धुरायला लागते, म्हणून २०० अंशांच्या ट्रेवर ते नको. एक चमचा खोबरेल भाज्या परतताना वापरावे, वास तेवढ्यानेही येतो. ट्रेसाठी रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल घ्यावे, किंवा साजूक तूप. तुपाचा धूर बराच उशिरा निघतो. बटर मात्र टाळावे. त्यात १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि दुधाचे घन अंश असतात, जे करपून गोंदासारखे काम करतात. डब्यातून फवारायच्या तेलात बहुधा लेसिथिन मिसळलेले असते आणि ते वारंवार तापून ट्रेवर पिवळट, चिकट थर धरते, त्यामुळे साधी तेलाची वाटी आणि ब्रश बरा.

प्रमाण मध्यम ट्रेला एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, पुरेसे आहे. शिवाय प्रत्येक कटलेटच्या वरच्या बाजूला ब्रशने तेलाचा हलका हात द्यावा. ट्रे तेल लावून तापत ठेवू नये. पातळ पसरलेले तेल अन्नाविना तापले की घट्ट होऊ लागते आणि आडोसा देण्याऐवजी स्वतःच चिकटते. कोरडा ट्रे ओव्हनमध्ये तापवावा, बाहेर काढून चटकन तेल फिरवावे आणि लगेच कटलेट्स मांडावीत.

उष्णता आणि उलटण्याची वेळ

ओव्हन वरचे आणि खालचे असे दोन्ही रॉड लावून २०० अंशांवर तापवावा. यंत्रावरचा दिवा विझला म्हणजे आतले सर्व भाग तापले असे नसते, म्हणून त्यानंतरही पाच मिनिटे जाऊ द्यावीत. लहान ओव्हनला एकूण पंधरा मिनिटे लागतात असे धरून चालावे. पावसाळ्यात विजेचा दाब कमी-जास्त होत असतो आणि त्याबरोबर ओव्हनही मंदावतो, त्यामुळे आत ठेवायचा साधा तापमापक ही या कामातली सर्वांत उपयोगी खरेदी आहे. पंखा फिरवणारा ओव्हन असल्यास तापमान १५ ते २० अंशांनी कमी ठेवावे.

ट्रे मधल्या खणापेक्षा एक खण खाली ठेवावा, कारण आपल्याला खालची बाजू आधी तयार करायची आहे. कटलेट्स ठेवताना चुर्र असा आवाज यायला हवा. तो आला नाही तर ट्रे गार आहे. दोन कटलेट्समध्ये निदान दोन बोटे अंतर सोडावे. खच्चून भरलेल्या ट्रेवर वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि कटलेट्स भाजण्याऐवजी उकडतात. एकदा मांडल्यावर सरकवू नयेत आणि बारा मिनिटे दारही उघडू नये.

बाराव्या ते पंधराव्या मिनिटाच्या दरम्यान एका कटलेटच्या कडेला पातळ, सपाट धारेचे उलथणे लावून हलकेच ढकलून पाहावे. ते जागेवरून घसरले तर सर्व उलटावीत. विरोध जाणवला तर ओढू नये; दार लावून तीन मिनिटे थांबावे आणि पुन्हा पाहावे. हा धीर नसेल तर वरची सगळी मेहनत वाया जाते. उलटताना कटलेट ट्रेवर जिथे अजून तेल चमकत आहे अशा जागी ठेवावे आणि कोरड्या जागांवर ब्रश फिरवावा. दुसऱ्या बाजूला आठ ते दहा मिनिटे पुरतात, कारण आतला भाग एव्हाना तापलेला आणि बराचसा सुकलेला असतो.

बीट, रताळे, गोड मका किंवा पुष्कळ कांदा असलेल्या कटलेट्सना वेगळी वागणूक द्यावी. त्यांतली साखर लवकर करपते आणि गार होताना काचेसारखी घट्ट होऊन पत्र्याला पकडते. अशी कटलेट्स १८५ ते १९० अंशांवर थोडी अधिक वेळ भाजावीत, त्यांच्यासाठी कागद वापरावा आणि चवीला म्हणून गूळ किंवा साखर घालणे टाळावे. चीज किंवा पनीर आतच राहील असे भरावे. बाहेर ओघळलेले चीज कोणत्याही तेलाला जुमानत नाही.

ट्रे बाहेर काढल्यावर दोन ते तीन मिनिटे थांबावे. एवढ्या वेळात खालचा थर आकसून आणखी सैल होतो. मात्र त्याहून जास्त वेळ ट्रेवर ठेवू नये, नाहीतर आतून येणारी वाफ खाली अडकून तयार झालेला पापुद्रा पुन्हा ओला करते. कटलेट्स जाळीवर काढावीत. स्टीलच्या ताटात एकावर एक रचल्यास पाच मिनिटांत मऊ पडतात.

तरीही चिकटलेच तर

चिकटलेल्या कटलेटचे दोन प्रकार असतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. ट्रे गरम असताना चिकटलेले कटलेट बहुधा कच्चे असते, म्हणून ते चार-पाच मिनिटे पुन्हा ओव्हनमध्ये ठेवावे; बहुतेक वेळा तेवढ्याने सुटते. ट्रे गार झाल्यावर चिकटले असेल तर ते साखरेमुळे किंवा घट्ट झालेल्या तेलामुळे असते आणि दोन मिनिटे परत तापवून गरम असतानाच उलथणे घातल्यास निघते. कागदाला चिकटले असेल तर कागदासकट कटलेट उलटे करून कागदाच्या मागून ओला हात फिरवावा आणि मिनिटभराने कागद कडेपासून सोलावा. उघड्या ट्रेवर मजबूत सुती दोरा दोन्ही हातांत ताणून कटलेटच्या बुडाखालून ओढला तर पापुद्र्याचा पुष्कळसा भाग वाचतो.

ट्रे धुतल्यावर कडांवरून बोट फिरवून पाहावे. तिथे पिवळट, हाताला चिकटणारा थर लागत असेल तर तो जुन्या तेलाचा आहे आणि पुढच्या वेळी कटलेट्स सर्वांत आधी त्याच जागी अडकतील. ट्रे गरम पाण्यात भिजवावा, खाण्याच्या सोड्याची पाण्यात कालवलेली पेस्ट लावून पंधरा मिनिटांनी मऊ घासणीने घासावा. अ‍ॅल्युमिनिअमवर सोडा याहून अधिक वेळ ठेवू नये, त्याने धातू काळवंडतो. तारेची घासणी तर अजिबात वापरू नये, कारण तिने पडलेला प्रत्येक ओरखडा म्हणजे स्टार्चला धरायला मिळालेली आणखी एक खाच असते. धुतलेला ट्रे पुसून, अजून ऊबदार असलेल्या ओव्हनमध्ये ठेवून पूर्ण वाळवावा आणि मगच जागेवर ठेवावा.